तयारीची सभा

“तबामावशी, डबी कुठंय?”

चर्चच्या मागच्या खोलीतलं कपाट मी उघडं टाकलं होतं आणि दारातूनच हाक मारली होती. तबामावशी बाकांच्या मधल्या वाटेवर पाणी शिंपडत होती. तिने तांब्या खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि आत आली.

“आसंल की बाई तिथंच. मेजाच्या कापडाखाली बगा.”

“कापड काढून पाहिलं. प्याले आहेत, सुरई आहे, डबी नाही.”

तिने वाकून कपाटाच्या खालच्या फळीत हात घातला, जुन्या गीतांच्या वह्या बाहेर काढल्या, झटकल्या, परत ठेवल्या. मी तिच्या हातांकडे पाहत होते. कपाटाला दोन किल्ल्या होत्या. एक माझ्या कनवटीला आणि दुसरी तिच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात.

ही गोष्ट त्र्याऐंशी सालच्या मार्चमधली. नगर जिल्ह्यातल्या एका गावी माझे यजमान चर्चचे पाळक होते. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्यांना ते वाचताक्षणी कळेल. मंडळी लहान, सत्तर-ऐंशी घरांची. पाळकीणबाई म्हणून मला मान मोठा, आणि खरं सांगायचं तर तो मला आवडायचा. तबामावशीचं खरं नाव तबीथा. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी. चर्च झाडायचं, घंटा वाजवायची, प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी मेजावर पांढरं कापड अंथरायचं, हे तिचं काम.

प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण, आमच्याकडे तेव्हा तीन महिन्यांनी असे. मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर. बेकरीच्या पावाच्या कडा काढून मी नखाएवढे तुकडे करायची, काळ्या मनुका उकळून रस काढायची. ते तुकडे ज्या डबीतून बाकाबाकावर फिरायचे ती डबी चांदीची होती. खूप वर्षांपूर्वी परदेशी परत जाताना एक मिशनरी मिसबाई ती मंडळीला देऊन गेली होती. झाकणावर गव्हाची ओंबी कोरलेली. गावात चांदीची अशी ती एकच वस्तू, म्हणून सगळ्यांना तिचा अभिमान.

“डिसेंबरात तर व्हती,” तबामावशी म्हणाली. “मीच घासून ठिवली.”

“तूच ठेवलीस ना? मग तूच सांग.”

माझा स्वर तिला कळला असणार. मला तर तो पक्का कळला होता, कारण त्याच क्षणी माझ्या डोळ्यांसमोर सलोमीचे पैंजण आले होते.

सलोमी म्हणजे तिची मुलगी. अठरा वर्षांची, सावळी, हसरी. तिचं लग्न गावातल्याच मुलाशी नुकतंच, फेब्रुवारीत, झालं होतं. लग्नात तिच्या पायात चांदीचे पैंजण होते, चांगले जाड, घुंगरांचे. ती वेदीपर्यंत चालत आली तेव्हा त्यांचा आवाज पेटीच्या वर ऐकू येत होता. चर्च झाडणाऱ्या विधवेच्या मुलीला चांदी कुठून आली, असं दोघीचौघी कुजबुजल्या होत्या. मीही कुजबुजले होते.

“मावशी,” मी म्हटलं, “सलोमीचे पैंजण कुणी केले?”

तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. “माझ्या आईच्या हातातले चांदीचे गोठ व्हते. ते मोडले. बाजारपेठेत सोनार हाय, त्याला इचारा.”

“मी कशाला विचारू? मी काही बोललेय का?”

“न्हाई बोलला,” ती म्हणाली, आणि तांब्या उचलून पुन्हा पाणी शिंपडायला गेली.

सोनाराचं दुकान माझ्या घरापासून दहा मिनिटांवर होतं. मी गेले नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मला नको होतं. माझं उत्तर माझ्यापाशी तयार होतं.

रात्री जेवताना ह्यांना सांगितलं. हे स्वभावाने भिडस्त. घास तसाच हातात धरून म्हणाले, “कुणी घेताना पाहिलं का?”

“पाहिलं नाही. पण किल्ल्या दोनच.”

“मग एक तुझ्याकडे आहे.”

“म्हणजे मी चोरली?”

“तसं नाही गं. पण आरोप करू नकोस. बाईमाणूस आहे, गरीब आहे.”

“मी आरोप कुठे करतेय?” मी म्हटलं. “मी तर तिला क्षमा करणार आहे.”

हे वाक्य मला तेव्हा फार सुंदर वाटलं होतं.

आता तयारीची सभा म्हणजे काय ते सांगायला हवं. प्रभुभोजनाच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी मंडळी जमायची. रुसवेफुगवे, भांडणं, बांधावरचे वाद, जे काही मनात असेल ते मिटवूनच मेजाशी यायचं, असा आमच्याकडे नेम होता. पाळक विचारायचे, कुणाचं कुणाशी काही आहे का. ज्याचं असेल तो उठायचा, त्या माणसापाशी जाऊन हात पुढे करायचा. समोरच्याने हात धरला की मिटलं. धरला नाही तर ज्याने नाकारला तो त्या वेळी मेजापासून दूर राहायचा. डबी त्याच्यापर्यंत आली की तो ती पुढे सरकवायचा, आणि सगळं चर्च ते बघायचं. सख्खे भाऊ वर्षवर्षभर डबी सरकवताना मी पाहिले होते.

त्या शुक्रवारी ह्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं. एक सासू उठली, सुनेला हात देऊन बसली. मग मी उठले. मंडळी चकित झाली, कारण पाळकीणबाई कधी उठत नसे.

“प्रभूच्या मेजावरची डबी हरवली आहे, हे सर्वांच्या कानावर आलंच असेल,” मी म्हणाले. आवाज गोड ठेवला होता. “ज्या हातांनी ती नेली त्यांची गरज मोठी असेल. मुलीच्या मायेपोटी माणूस काय करत नाही! माझ्या मनात राग नाही. मी क्षमा केली आहे.”

आणि मी चालत शेवटच्या बाकापाशी गेले आणि तबामावशीपुढे हात केला.

सगळ्या माना शेवटच्या बाकाकडे वळल्या. शेजारी सलोमी बसली होती, नवी साडी, पायात जोडवी. ती आईकडे बघत राहिली. तबामावशी उभी राहिली. तिचे पाय कापत होते, तिने पुढच्या बाकाची पाठ धरली.

“बाई, मी न्हाई नेली.”

“मी विचारलंच नाही, मावशी. मी फक्त हात देतेय.”

“जे मी केलं न्हाई त्याची माफी कशी घेऊ? घेतली तर ते खोटं व्हईल. आन् खोटं बोलून मेजाला कशी येऊ?”

“तुझी मर्जी,” मी म्हणाले. हात आणखी थोडा वेळ तसाच ठेवला, सगळ्यांना दिसेल एवढा वेळ. मग जागेवर जाऊन बसले.

बाहेर पडताना बायांनी मला गराडा घातला. अबेलराव त्रिभुवन म्हणून आमचे थोरले पंच होते, मोठ्या आवाजाचे, मोठ्या मिशांचे. ते म्हणाले, “पाळकीणबाई, दया काय असते ते आज डोळ्यांनी बघितलं. आणि तिची मगरुरी बघा! माफी देताय तर घेत नाही.”

मी मान खाली घातली. नम्रतेने, असं त्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं होतं.

त्या रविवारी डबीच्या जागी माझ्या घरची स्टीलची ताटली फिरली. शेवटच्या बाकावर पोचली तशी तबामावशीने ती पुढे सरकवली. जूनमध्येही सरकवली. सप्टेंबरातही. मेजावर कापड तीच अंथरायची, घंटा तीच वाजवायची, आणि ताटली आली की हात मांडीवर ठेवून नुसती बसायची. तिचं काम काढून घ्यावं असं अबेलरावांचं म्हणणं पडलं. मीच म्हटलं, राहू द्या, बिचारी कुठे जाईल. कपाटाची किल्ली मात्र मी तिच्याकडून मागून घेतली. तिने गळ्यातला दोरा मानेवरून काढला आणि किल्लीसकट माझ्या हातात ठेवला. मऊ लागलं म्हणून कोपराने खणणं म्हणतात, ते हेच.

लोक तिच्याशी वाईट वागले असं नाही. फक्त ती आली की बाया पिशव्या जवळ ओढून घ्यायच्या. हळदीकुंकवासारखं आमच्यात काही नसतं, पण बारशाला, पानसुपारीला बोलावणं असतं. ती बोलावणी बंद झाली. सलोमी सासरी, त्याच गावात. तीही आईकडे पूर्वीसारखी येईनाशी झाली, असं कानावर आलं. मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

डिसेंबर उजाडला. प्रभुभोजन पहिल्या रविवारी आणि नाताळच्या नाटिकेची तालीमही सुरू करायची होती. गुरुवारी दुपारी मी मागच्या खोलीत नाटकाची ट्रंक उघडली. मेंढपाळांची घोंगडी, देवदूतांचे पांढरे झगे, पुठ्ठ्याचा तारा. तबामावशी त्याच खोलीत कोपऱ्यातली जळमटं काढत होती. तळाशी मागी लोकांच्या, म्हणजे बाळ येशूला बघायला आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांच्या, भेटी होत्या. सोनं, ऊद आणि गंधरस, म्हणजे सोनेरी कागदात गुंडाळलेले तीन डबे. एक पावडरचा, एक बूट पॉलिशचा. तिसरा हातात घेतला आणि तो जड लागला.

हात आधी ओळखतो, डोकं मागून येतं. कागद एका बाजूने फाटला होता. आत गव्हाची ओंबी दिसली.

मग सगळं एकदम आठवलं. गेल्या नाताळची संध्याकाळ. नाटिका सुरू व्हायला पाच मिनिटं उरलेली, आणि मागी झालेल्या एका मुलाची आई गंधरसाच्या डब्यावर बसली. डबा चेपून पापड. मी धावत कपाट उघडलं, हाताला लागली ती चांदीची डबी घेतली, उरलेला सोनेरी कागद तिच्याभोवती गुंडाळला आणि मागीच्या हातात दिली. संपल्यावर काढून ठेवू म्हटलं. पण नाटिका संपता संपता घरून निरोप आला की धाकट्याला अंगभर गोवर निघालाय. मी तशीच घरी पळाले. ट्रंक बायांनी भरली. पुढचे पंधरा दिवस मी मुलाच्या उशाशी होते, आणि डबी माझ्या डोक्यातून जी गेली ती गेलीच.

“अगं बाई!” माझ्या तोंडून निघालं. “ही तर मीच गुंडाळली होती.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणून लोक हसतात. मला हसू आलं नाही. मागे केरसुणीचा आवाज थांबला होता.

तबामावशी जवळ आली. तिने माझ्या हातातल्या डबीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं.

“घावली?”

“हो.”

“बरं झालं.” ती एवढंच म्हणाली, आणि मग जरा वेळाने, “उद्या सभा हाय, बाई. सांगाल ना?”

“सांगते.”

“सगळ्यांम्होरं?”

“सगळ्यांसमोर सांगते, मावशी. शपथ.”

“शपथ नगं. नुसतं सांगा.” तिचे डोळे भरले होते, पण ती हसली. “सलोमीला येयाचा निरोप धाडते.”

त्या रात्री ह्यांना सांगायचं ठरवून मी दोनदा त्यांच्या लिहायच्या मेजापर्यंत गेले. त्यांच्यासमोर पत्र पडलं होतं. एप्रिलपासून शहरातल्या मोठ्या मंडळीत बदली होणार होती. हे खुशीत होते. म्हणाले, “पत्रात तुझाही उल्लेख आहे. तुझं क्षमेचं उदाहरण तिथवर पोचलंय.” मी दूध गरम करायला आत निघून गेले. डबी सापडली, एवढंच सकाळी सांगितलं. कशी गेली ते सांगितलं नाही. त्यांना मी ते कधीच सांगितलं नाही. आठ वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हाही ते त्यांना माहीत नव्हतं.

शुक्रवारी सभा भरली. तबामावशी शेवटच्या बाकावर, आणि शेजारी सलोमी, मांडीवर तान्हं. ह्यांनी विचारलं, कुणाचं कुणाशी काही आहे का. मी उठले. डबी माझ्या हातात होती.

“डबी सापडली आहे,” मी म्हणाले. “नाटकाच्या ट्रंकेत होती.”

पुढचं वाक्य जिभेवर होतं. ‘मीच ठेवली होती.’ तीन शब्द. मी श्वास घेतला, आणि तेवढ्यात अबेलराव उभे राहिले.

“स्तुती असो देवाची! बघा बंधूंनो, बघा! नेणाऱ्याचं मन पालटलं. गुपचूप आणून ठेवली. हे पाळकीणबाईंच्या क्षमेचं फळ आहे!”

टाळ्या वाजल्या. बाया डोळे पुसायला लागल्या. कुणी तरी गीत सुरू केलं. हे माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की तशी नजर मला लग्नानंतर पुन्हा मिळाली नव्हती. मी तोंड उघडलं. गीत चालू होतं. गीत संपेपर्यंत थांबू, असं मनाशी म्हटलं. गीत संपलं. माझे गुडघे लटपटत होते. मी खाली बसले.

मी बसले हे लिहायला आज एक ओळ लागली. तेव्हाही तेवढाच वेळ लागला होता.

मग मागून पावलं ऐकू आली. तबामावशी मधल्या वाटेने पुढे येत होती, हळूहळू, ओल्या सारवणावरून चालावं तशी. मला वाटलं, आता ही सगळ्यांना सांगणार. आणि खरं लिहिते, मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. ती माझ्यासमोर थांबली आणि तिने हात पुढे केला.

“बाई,” ती म्हणाली, “माझ्या मनात तुमच्याइशयी काई न्हाई.”

मी तिचा हात धरला. गार होता, खरबरीत होता. मी धरला आणि काही बोलले नाही. लोकांना वाटलं, नऊ महिन्यांनी का होईना, बाई नरमली, कबूल झाली. अबेलराव मोठ्याने आमेन म्हणाले. मी मान वळवून पाहिलं तर सलोमी तान्ह्याला घेऊन बाहेर निघून चालली होती.

रविवारी डबी फिरली. तबामावशीने डोळे मिटून तुकडा उचलला, आणि किती तरी वेळ तोंडात ठेवला. मीही घेतला. पाळकीणबाईने डबी सरकवली असती तर गावभर झालं असतं ना. तुकडा न चावताच गिळला. डबी शेजारणीच्या हातात दिली.

एप्रिलमध्ये आमचा संसार टेम्पोत चढला. निरोपाला सगळी मंडळी जमली होती. तबामावशी भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन आली. मी तिला चर्चच्या भिंतीआड नेलं.

“मावशी, त्या दिवशी तू बोलली का नाहीस? सगळं सांगता आलं असतं तुला.”

तिने जरा विचार केला. “तुमचे पाय लटपटत व्हते, बाई. मागनं दिसत व्हतं मला. मार्चात माझेबी तसेच लटपटले व्हते. तवा कुणीबी पुढं आलं न्हाई. लई एकटं वाटतं तवा.” तिने पिशवी माझ्या हातात दिली. “म्हणून आले.”

मला रडू फुटलं. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जसा लेकराच्या फिरवतात.

“पर सांगा कवातरी,” ती म्हणाली. “मी हाय तवर सांगितलंत तर बरं व्हईल. माझ्यासाठी न्हाई. सलोमीसाठी.”

“सांगेन,” मी म्हटलं.

सांगितलं नाही. पहिल्या वर्षी वाटलं, ह्यांची नवी मंडळी, आता नको. मग मुलांच्या शाळा, मग लग्नं. माणसाला कारणं कधी कमी पडत नाहीत. पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं, असं चार वेळा झालं. दया या विषयावर मात्र मी गावोगावच्या भगिनी मंडळांत बोलत राहिले, आणि लोक म्हणायचे की बाई अनुभवाचं बोलतात. दोन हजार अकरा साली कुणी तरी सहज म्हणालं, तुमच्या जुन्या गावची तबामावशी गेली, कळलं का?

यंदा त्या मंडळीला शंभर वर्षं झाली. जानेवारीत मोठा कार्यक्रम ठेवला. तरुण पाळकांचा फोन आला, “बाई, तुम्हीच प्रमुख पाहुण्या. विषय दया.” सोबत छापलेली स्मरणिका पाठवली. तिच्यात एकतिसाव्या पानावर लिहिलं होतं: एका भगिनीच्या हातून चूक घडली, परंतु पाळकीणबाईंच्या क्षमाशीलतेने तिचे मन पालटले व चांदीची डबी मंडळीस परत मिळाली. नाव नव्हतं. नावाची गरजच नव्हती. त्या गावात एवढी वर्षं ते नाव सगळ्यांना पाठ होतं.

या वेळी अर्ध्यात बसायची सोय ठेवली नाही. सगळं कागदावर लिहून नेलं. पहिलंच वाक्य लिहिलं, ‘डबी मी गुंडाळली होती,’ म्हणजे त्यानंतर मागे फिरता येऊ नये. सत्तरी गाठलेली बाई, कागद डोळ्यांजवळ धरून उभी. तरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. तबीथाबाईंचं नाव तीनदा घेतलं.

मी कागदाची घडी केली. मग तरुण पाळक पुढे झाले आणि माईकवर म्हणाले, “केवढी ही नम्रता! या वयात एवढी कबुली द्यायला किती मोठं मन लागतं!” आणि टाळ्या सुरू झाल्या. त्या गावात माझ्या वाट्याला टाळ्याच येतात.

कार्यक्रम संपून लोक जेवणाच्या मांडवाकडे निघाले. शेवटच्या बाकावर एक बाई बसून राहिली होती. केस पांढरे झालेले, चष्मा. मी जवळ गेले तेव्हा ओळखलं. आता घंटा तीच वाजवते, असं मला सकाळी कुणी तरी सांगितलं होतं.

“सलोमी.”

“बसा बाई,” ती म्हणाली. उठली नाही. मी तिच्या बाकावर बसले.

ती समोर मेजाकडे बघत होती. मग म्हणाली, “मी आईला विचारलं होतं. त्याच दिवशी, डिसेंबरात. म्हटलं, तू नेली नव्हतीस, तर पाळकीणबाईंना हात का दिलास? ती म्हणाली, मी न्हाई नेली. म्हटलं, मग हात का दिलास? त्याचं उत्तर तिने दिलं नाही. कधीच दिलं नाही.”

“तिने माझं नाव घेतलं नाही?”

“नाही. म्हणायची, बाई येतील आन् सांगतील. मला वाटायचं, थापा मारते.” तिने चष्मा काढला आणि पदराने पुसला. “नाटकाच्या ट्रंकेचं ऐकल्यावर माझी खात्रीच झाली. त्या खोलीची झाडलोट आईच करायची ना. तिनेच आणून टाकली म्हटलं. घरी जाऊन पैंजण काढले. चोरीच्या चांदीचे पायात नको वाटले. अजून डब्यात आहेत. काळे पडलेत.”

मी तिच्या पायांकडे पाहिलं.

“शेवटी दवाखान्यात होती तेव्हा म्हणाली, ते पैंजण घालून ये एकदा, मला आवाज ऐकायचाय.” सलोमीने चष्मा परत लावला. “मी नाही गेले घालून. तशीच गेले.”

मांडवातून भांड्यांचा आवाज येत होता. कुणी तरी मला हाका मारत होतं, पाहुण्याबाई, पान वाढलंय. मी उठले आणि काय करावं ते न सुचून, त्या चर्चमध्ये मला जे एकच करता येत होतं ते केलं. तिच्यापुढे हात केला.

तिने हाताकडे पाहिलं. आईसारखंच, सरळ.

“आज नको, बाई,” ती म्हणाली. “तयारीची सभा मार्चात आहे. तोवर मला रागवू द्या.”

मी हात मागे घेतला. ती उठली, मधल्या वाटेने पुढे गेली आणि मेजावरचं पांढरं कापड घडी घालू लागली. चालताना तिच्या पायांचा काहीच आवाज होत नव्हता.

मार्चला अजून सात आठवडे आहेत. एसटीचं तिकीट मी आजच काढून ठेवलं आहे.